टाळांच्या गजरात मंजूर

आता मधी कुणी बोलू नका, चहा पीत ऐका. चुका माणसाच्या हातून होतातच, त्यात काय एवढं? पण माझी एक चूक सरकारदरबारी नोंदलेली आहे. सहीशिक्क्यानिशी! खोटं वाटत असंल तर जाऊन नक्कल काढून आणा.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी जवळा बाजारला अर्जनवीस होतो. अर्जनवीस म्हणजे दुसऱ्यांचे अर्ज लिहून देणारा. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, आणि लोकांना ती येत न्हाई. मग बाजाराच्या दिवशी लिंबाखाली सतरंजी टाकून मी बसायचो आणि कुणाचा बैल हरवला, कुणाचा बांध कोरला, ते झोकात लिहून द्यायचो. लोक मला मुन्शीजी म्हणायचे. खरं सांगतो, मलाबी वाटायचं की या तालुक्यात कायदा म्हणून कळतो तो मला, आणि थोडाफार हिंगोलीच्या वकिलांना!

गावात आमचं एक वाचनालय होतं, रसूलमामू शिंप्याच्या दुकानाच्या पडवीत. पडवी मामूनं फुकट दिलेली. दोन कपाटं पुस्तकं, एक बाकडं आणि आठवड्याला येणारं एक वर्तमानपत्र. ते मी मोठ्यानं वाचायचो आणि वीस-पंचवीस माणसं ऐकायची. कपाटाची किल्ली माझ्या करगोट्याला, म्हणून चिटणीस मीच. मला निवडलं कुणी न्हवतं. पण सहा वर्षं झाली होती आणि त्या किल्लीचा मला असा काही अभिमान होता की विचारू नका. आंघोळीलाबी काढायचो न्हाई.

आणि एक दिवस तहसिलीतून हुकूम आला. तुमचं वाचनालय नोंदलेलं न्हाई. पंधरा दिवसांत नोंद करा, न्हाई तर कुलूप लागंल आणि पुस्तकं जप्त होतील.

मी म्हणलं, हात्तिच्या! नोंद करून टाकू. अर्ज लिहिला, शिक्का लावला आणि गेलो कचेरीत. कारकुनानं अर्ज उलटासुलटा करून बघितला.

"कार्यकारी मंडळ कुठाय?"

"करू की."

"तसं न्हाई चालत. सभासदांच्या सभेत निवडलेलं पाहिजे."

"मग सभा घेतो."

"सभेला परवानगी लागती."

"मग द्या परवानगी."

"ती नोंद झालेल्या संस्थेलाच मिळती."

"आणि नोंद कधी होती?"

"कार्यकारी मंडळ निवडलं की!"

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं, त्यानं माझ्या तोंडाकडं. बिचाऱ्याचा काय दोष? नियमच तसला होता. आता सांगा, असल्या नियमातून माणसानं बाहेर पडायचं कुठून?

दुसऱ्या दिवशी बैलगाडी जोडून हिंगोली गाठली. तिथं नरहरराव वकील होते. मोठा माणूस. वाचनालयं, तालमी, भजनी मंडळं, असल्या लोकांच्या संस्थांचं काम ते फुकट बघायचे. मी हुकूम पुढं ठेवला तसे ते हसले.

"मुन्शीजी, या महिन्यात तुमी चौथे. तिकडं हट्टा गावची तालीमबी याच फासात अडकून राहिली आहे. हा नियमच बदलायला पाहिजे. सगळ्या संस्थांचे ठराव गोळा करून मी हैदराबादला पाठवणार आहे, की संस्थेनं आपल्याच सभासदांची सभा घ्यायला परवानगी लागू नये. तुमचाबी ठराव द्या."

"पण सभाच घेता येत न्हाई, तर ठराव कसा करू?"

"धार्मिक कार्याला परवानगी लागत न्हाई. भजन ठेवा. सगळे सभासद बोलवा. भजन झालं की प्रसाद खाता खाता पाच मिनिटांत हात वर करून घ्या आणि ते लिहून मला आणून द्या. देवळात करू नका असं नियमात कुठं लिहिलेलं न्हाई." मग त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं रोखून बघितलं. "एवढंच करा. जास्त डोकं चालवू नका."

मी मान डोलावली. सांगून ठेवलं होतं हो त्या माणसानं! अगदी स्पष्ट सांगून ठेवलं होतं!

गावात आलो आणि एकादशीच्या दुपारी मारुतीच्या देवळात भजन ठरवलं. भजन रात्रीचं असतं, पण रात्री चार माणसं जमली की चौकशी व्हायची, म्हणून दुपारचं. सगळं बराबर जमलं होतं. तेवढ्यात पोलिसांचे अमीनसाहेब वाटंत भेटले.

"मुन्शीजी, सुना है भजन है तुम्हारा?"

"जी हुजूर. देवाधर्माचं."

"हम भी आएंगे. गाने का बहुत शौक है हमको. प्रसाद होने तक बैठेंगे."

झालं! प्रसाद होईपर्यंत हा माणूस मांडीला मांडी लावून बसणार, मग हात वर करायचे कधी? घरी आलो, जेवण गोड लागंना. दोन दिवस तळमळलो आणि तिसऱ्या दिवशी मला ते सुचलं. मी स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. ठराव भजनातच घ्यायचे! मी ठराव अभंगासारखा म्हणायचा, आणि टाळकऱ्यांनी ओळ झेलली की मंजूर!

गुणाजी मास्तर, शाळेचे मास्तर, अक्षर मोत्यासारखं. त्यांना मी सांगितलं की कोपऱ्यात बसून कार्यवाही लिहायची.

"आणि कुणी विरोधात असंल तर?" मास्तरांनी विचारलं.

"त्यानं गप बसायचं."

"भजनात?"

"व्हय, भजनात."

मास्तर दौत भरायला उठले. त्यांना तिथंच कळलं होतं. मला काहून कळू नये? अहो, भजनात बुवानं ओळ म्हणली की माणूस ती झेलतोच! ओळ काय आहे हे कोण बघतो? टाळ हातात आले की तोंड आपोआप उघडतं. जन्मात कुणी भजनात गप बसलंय का?

पण मी तर ठरावांच्या ओळी रचण्यात दंग. अशा रचल्या की माझ्यावर मीच खूश. 

एकादशी उजाडली. देऊळ भरलं. सगळे सभासद आले आणि रोजचे टाळकरीबी आले. रसूलमामू ढोलकी घेऊन पायरीपाशी बसला. आमच्या गावात ढोलकी मामूचीच, त्याच्याशिवाय भजनाला रंग न्हाई. समोर गावचे देशमुख आबासाहेब. आणि अगदी पुढं, खांबाला टेकून, अमीनसाहेब.

दोन अभंग देवाचे म्हणलो आणि मग घसा साफ करून पहिला ठराव लावला. 

"नियम आमचे झाले सोळा, मान्य करी जन भोळा!"

काय ओळ झेलली लोकांनी! देऊळ दणाणलं. नियमावली मंजूर. मास्तरांची लेखणी चालली. मग अध्यक्षांचं घेतलं.

"आबासाहेब बसा पुढे, तुम्हावाचून गाडे अडे!"

आबासाहेबांनी स्वतःबी झेलली, डोळे मिटून. झाले अध्यक्ष. मग नरहररावांचा ठराव, "सभा आमची मोकळी करा, दया वाचणाऱ्यांची धरा!" ही म्हणता म्हणता डोळ्याच्या कोपऱ्यातून अमीनसाहेबांकडं बघितलं, तर ते मान डोलावून राहिले होते. "वा! क्या बात है! फिर से!" फिर से म्हणल्यावर आमी तीच ओळ आणखी तीनदा म्हणलो. जुलमी नियमाविरुद्धचा ठराव, अमीनसाहेबांच्या फर्माइशीवर, चारदा मंजूर! मी मनात म्हणलं, दिगंबरा, जिंकलास गड्या.

आणि तिथं गाडं घसरलं.

भजनाची रीत तुमाला ठाऊक आहे. एकाचा अभंग झाला की पुढचा कुणीबी उचलावा. तसा नारायणशेट उठला. हा कापसाचा आडत्या, सभासदच. याच्या मनात फार दिवसांपासून होतं की वाचनालय आपल्या आडतीच्या माडीवर यावं, म्हणजे बाजाराची माणसं आपसूक दारात येतील. बेट्यानं कान टवकारून सगळा डाव ओळखला होता.

"ग्रंथ नेऊ माडीवरी, आडत आमची बरी खरी!"

आणि लोकांनी झेलली! माझेच लोक हो! रसूलमामूच्या पडवीत सहा वर्षं फुकट बसलेले लोक, टाळ बडवून सांगून राहिले की ग्रंथ माडीवर न्या. आणि ढोलकी कोण वाजवतंय? रसूलमामूच!

मी धडपडून उठलो. जे सुचलं ते म्हणलो.

"ग्रंथ राहो शिंप्याघरी, सुई जिथे काम करी!"

हीबी झेलली. तेवढ्याच जोरात. त्यानं परत माडी म्हणलं, लोकांनी माडी म्हणलं. मी शिंपी म्हणलो, लोकांनी शिंपी म्हणलं. सवालजवाब लागला म्हणून अमीनसाहेब गुडघ्यावर ताल धरून राहिले. माझा घाम टपकून राहिला. कोपऱ्यात मास्तर पान उलटून राहिले. शेवटी नारायणशेटला ठसका लागला आणि शेवटची ओळ माझी राहिली. देव पावला!

आता चिटणिशी तेवढी उरली. ठरल्याप्रमाणं मास्तरांनी कोपऱ्यातून ओळ टाकली, "चिटणीस व्हावा दिगंबर, लिही अर्ज तो सुंदर!" ही ओळबी मीच रचून दिली होती, लाज कशाला धरू? लोकांनी झेलली. तिथं मी गप बसलो असतो तर आज हा किस्सा न्हवता.

पण आपल्याकडं रीत काय आहे? कुणी मान दिला की माणसानं दोनदा नको म्हणायचं. "न्हाई न्हाई, मी कुठला लायक!" मग लोकांनी आग्रह करायचा आणि तिसऱ्यांदा मान खाली घालून घ्यायचं. एकदम 'हो' म्हणतो तो हावरट. मी तर चार बुकं शिकलेला, रीत मोडीन का? शिवाय भजन आहे, भजनात तर माणूस स्वतःला जास्तच हीन म्हणवून घेतो. मी हात जोडले, डोळे मिटले आणि गळा काढला.

"दिगंबर मूढ मतिमंद, चिटणिशीचा नको फंद!"

आणि थांबलो. आता लोक म्हणतील, असं कसं, तुमीच पाहिजे!

लोक म्हणले, "दिगंबर मूढ मतिमंद, चिटणिशीचा नको फंद!"

सगळं देऊळ! आबासाहेब, नारायणशेट, माझा सख्खा चुलता! आणि चाल अशी फक्कड जमली होती की ते थांबंनात. रसूलमामूनं लय वाढवली. मी हातानं खुणा करून राहिलो, "बस, बस!" त्यांना वाटलं मी रंगात आलोय. अमीनसाहेब ओरडले, "फिर से!"

मला वाटलं, एकदाच नको म्हणलं म्हणून असं झालं असंल. दुसरं नको म्हणावं, मग तरी आग्रह होईल. म्हणलो, "दिगंबर नाही लायक, शोधा दुजा कुणी नायक!" तीबी झेलली. आता तिसऱ्यांदा होकार द्यायचा. ओळ तयार होती. तोंड उघडलं, तेवढ्यात आबासाहेबांना प्रसादाची आठवण झाली आणि ते गरजले, "बोला, बजरंगबली की जय!"

जयजयकार झाल्यावर कुणी गातं का? होकार माझ्या तोंडातच राहिला आणि त्यावर कुणीतरी केळं ठेवलं.

अमीनसाहेब निघताना माझ्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणले, "मुन्शीजी, जलसा सब बराबर था. मगर तुम इस्तीफा कायकू दिये?"

उर्दूत जलसा म्हणजे सभा! म्हणजे त्याला पहिल्यापासून सगळं कळत होतं! भला माणूस, कुठं बोलला न्हाई.

मी मास्तरांकडं धावलो. "मास्तर, ते शेवटचं लिहिलं न्हाई ना?"

"लिहिलं की. तुमीच म्हणलात, जे झेललं ते मंजूर." आणि त्यांनी कागद पुढं केला. "ठराव शेवटचा. श्री. दिगंबर मुन्शी हे मूढ व मतिमंद असल्याने चिटणिशीस लायक नाहीत. टाळांच्या गजरात, सात वेळा, सर्वानुमते मंजूर." खाली आबासाहेबांची सही. त्यांनी न वाचता केलेली.

हिंगोलीला नरहररावांनी तो कागद वाचला आणि त्यांना पाणी प्यावं लागलं. पाणी पिऊन परत वाचला.

"साहेब, तेवढी शेवटची ओळ खोडा."

"सही झालेला कागद आहे. एक ओळ खोडली की सगळाच संशयात येतो. मुदतीला दोन दिवस राहिलेत."

"पण आधी मला निवडलं होतं! तेबी लिहिलंय वरती!"

"नंतरचा ठराव आधीचा रद्द करतो, मुन्शीजी. त्याच कायद्यानं तुमचं वाचनालय माडीवर जायचं वाचलं. मग तो कायदा तुमाला सोडून कसा चालंल?"

शेवटी मी म्हणलं, पाठवा. नोंद झाली. कुलूप टळलं. आणि चिटणिशी? नियमावलीत होतं की चिटणिसाची जागा रिकामी असली तर ज्याच्या जागेत वाचनालय आहे त्यानं काम बघावं. मामूला बरं वाटावं म्हणून ते कलम मीच घातलं होतं. करगोट्याची किल्ली सोडून मी रसूलमामूच्या हातात ठेवली तेव्हा, खरं सांगतो, मला रडू आलं. मामूलाबी वाईट वाटलं.

"मुन्शीजी, मला तर मराठी वाचायला येत न्हाई."

"मग सांभाळा तशीच," मी म्हणलं. रागच आला होता मला. घरी येऊन बायकोला सांगितलं, महिनाभरात वाटोळं होईल बघ.

वाटोळं काय व्हायचं? मामूनं उरलेल्या कापडाचे अंगरखे शिवले पुस्तकांना! एकेका पुस्तकाला वेगळं कापड. कुणाला खण, कुणाला चौकडा, कुणाला मांजरपाट. अक्षर वाचता आलं न्हाई तरी कुठलं पुस्तक कुणाकडं आहे ते त्याला कापडावरून तोंडपाठ. "हिरवा खण परत आणा हो, तांड्यावरचे लोक वाट बघून राहिलेत!" माझ्या सहा वर्षांत जेवढी पुस्तकं गहाळ झाली, त्यातली निम्मी त्यानं लोकांच्या घरात जाऊन, गोड बोलून परत आणली. 

दीड वर्षानं हैदराबादहून कागद आला. नियम बदलला होता! नोंद असो वा नसो, संस्थेला आपल्या सभासदांची सभा घ्यायला परवानगी लागणार न्हाई. नरहरराव स्वतः सांगायला गावात आले, गावानं पेढे वाटले. आणि मी ठरवलं, आता उघड्यावर सभा, टाळ न्हाईत, ढोलकी न्हाई, आता चिटणिशी परत घ्यायची. आणि या खेपेला नको म्हणायचं न्हाई. एकदाबी न्हाई.

शाळेच्या अंगणात सभा भरली. मास्तर उठले. "चिटणीस म्हणून मी दिगंबर मुन्शींचं नाव..."

"मंजूर!" मी उभा राहून ओरडलो. "मी लायक आहे! माझ्यासारखा दुसरा कुणी न्हाई!"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आबासाहेबांनी मान हलवली. "मुन्शीजी, जरा नको तरी म्हणायचं. एवढी काय हाव?" मागून कुणीतरी हसलं. तोंडावर रागवले असते तर बरं वाटलं असतं.

मग कुणीतरी रसूलमामूचं नाव घेतलं. मामू म्हणाला, "न्हाई भाऊ, मी शिंपी माणूस." लोक म्हणले, "तुमीच पाहिजे!" तो म्हणाला, "मला वाचता येत न्हाई." लोक म्हणले, "तुमीच!" तिसऱ्यांदा त्यानं मान खाली घातली. बघा, असं करतात ते! अनुमोदन कोण देतो म्हणून मास्तरांनी विचारलं तेव्हा सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी उठलो आणि दिलं. मनापासून दिलं, उगंच खोटं कशाला बोलू? 

बसता बसता म्हणलं, "मास्तर, आता सभा मोकळी झाली आहे, तर तो मूढ-मतिमंदाचा ठराव तेवढा रद्द करून टाका."

नरहरराव पुढंच बसले होते. म्हणले, "करता येईल की. पण मुन्शीजी, वाचनालयाची नोंद झाली ती त्याच कार्यवाहीवर. रद्द करायचं कारण लिहावं लागंल, आणि तिथं तुमी एक ठराव खोटा म्हणलात, तर उद्या कुणीबी उठून बाकीचे खोटे म्हणंल. मग आडतीची माडी आहे, कुलूप आहे, सगळं पहिल्यापासून."

मामू माझ्याकडं बघून राहिला होता, पडवीच्या काळजीनं. नारायणशेटबी बघून राहिला होता, पण त्याच्या डोळ्यांत निराळंच होतं.

मग काय करता? मी हात वर केला आणि म्हणलं, "लिहा मास्तर. दिगंबर मूढ व मतिमंद आहे, हा ठराव कायम ठेवावा. सूचक, दिगंबर."

अनुमोदनाला एवढे हात वर आले की मास्तरांना मोजता आले न्हाईत.